चाखायचं, गिळायचं नाही

माझा पगार थुंकण्याचा होता. असं म्हटलं की ऐकणारा आधी हसतो, मग जरा लांब सरकून बसतो. पण खरंच सांगते. जुन्नर तालुक्यातल्या एका वायनरीत मी सकाळी सकाळी वाईन तोंडात घ्यायची, घोळवायची आणि बादलीत थुंकायची. त्याचा पगार मिळायचा, दिवाळीला साडी मिळायची, आणि सगळ्या नोकरीत एक घोट म्हणून घशाखाली गेला नाही. हे शेवटचं मी नेहमी जरा मोठ्यानं सांगते. का, ते पुढं येईलच.

या अंकाच्या संपादक ताईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "काकू, पहिल्या दिवसापासून सगळं नका लिहू, आठवेल तेवढं लिहा." आता आठवायला बसलं की वायनरीच्या आधी आमच्या आत्याच समोर येऊन बसतात. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. तर त्यांना बाजूला सारून हे लिहिता येणार नाही, आणि त्या बाजूला सरणाऱ्यातल्या नव्हत्याच.

आमचं घर बोरी बुद्रुकला. आत्या लग्न होऊन आल्या तेव्हा या घरात दारू होती. माझे सासरे पिऊन आले की आत्या लेकरं घेऊन गोठ्यात जाऊन बसायच्या. मग दीक्षेचं वारं आलं. गावातल्या आमच्या सगळ्या घरांनी बौद्ध धम्म घेतला, तसा सासऱ्यांनीही घेतला, आणि त्याच आठवड्यात दारूचं गाडगं आत्यांनी त्यांच्या देखत उकिरड्यावर फोडलं. सासरे परत कधी प्यायले नाहीत. त्यामुळं पाच शीलांपैकी पाचवं, नशेपासून लांब राहायचं, हे बाकीच्यांसाठी विहारात म्हणायचं असेल, आत्यांसाठी ते घराचं छप्पर होतं. तंबाखू नाही, विडी नाही, बायकांनी दाताला मिशरीसुद्धा लावायची नाही. सून म्हणून आले तेव्हा माझी मिशरीची डबी त्यांनी चुलीत टाकली. मी आठवडाभर डोकं धरून बसले होते. हसू नका, मिशरी सुटताना काय होतं ते जिची सुटली तिलाच माहीत.

आणि मला पुढं नोकरी लागली ती त्या चुलीत गेलेल्या डबीमुळं.

झालं असं. नव्वद सालानंतर आमच्याकडं वाईनची द्राक्षं आली. खायच्या द्राक्षांसारखी टपोरी नाहीत, बारीक, जाड सालीची, बियांची. मी आधी निवडीच्या टेबलावर होते. घड येणार, त्यातले सडके मणी, पानं, काड्या काढायच्या. हंगाम जानेवारी ते मार्च. हात चिकट, मधमाश्या डोक्यावर, आणि आम्ही बायका गप्पा हाणत बसलेल्या. मजा होती.

हंगामाला फ्रान्सहून एक साहेब यायचा. वाईन बनवणारा. इतका उंच की शेडच्या दारातून वाकून आत यायचा, म्हणून आम्ही त्याला लांबसाहेब म्हणायचो. त्याला टाक्यांमधली वाईन रोज चाखायला एक इथलंच माणूस हवं होतं, कारण तो तीन महिने राहून परत जाणार, आणि वाईन तर वर्षभर टाकीत बसणार. पुरुष त्यानं आधीच बाद केले. एक तर तंबाखू, नाहीतर 'साहेब, अजून जरा ओता'. मग बायकांना बोलावलं. पाण्याचे ग्लास ठेवले होते, कशात चिमटीभर मीठ, कशात साखर, कशात लिंबू. ओळखा म्हणाले. माझ्या मैत्रिणी हुशार, पण सगळ्यांची जीभ मिशरीनं भाजलेली. त्यांना सगळंच पाणी लागलं. मला लागलं ते मी सांगितलं. लॅबच्या मॅडम साहेबाचं बोलणं मराठीत सांगायच्या. त्या म्हणाल्या, "सुमनताई, साहेब विचारतायत, तुमचं तोंड इतकं स्वच्छ कसं?"

मी म्हटलं, "सासूमुळं."

मॅडमनी ते फ्रान्सच्या साहेबाला कसं सांगितलं, कुणास ठाऊक. तो बराच वेळ मान हलवत होता.

घरी येऊन मी आत्यांना त्याच दिवशी सगळं सांगितलं. लपवाछपवी आमच्या घरात चालायची नाही. आत्या भाकरी थापत होत्या. थापायच्या थांबल्या.

"तोंडात घ्यायची?"

"घ्यायची आन थुकायची. गिळायची न्हाई. तिथला नियमच तसा हाय आत्या. गिळली तर चव कळत न्हाई, दहाव्या गिलासाला डोकं फिरतं."

"आन गिळली गेली मंग?"

"न्हाई जाणार."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "गेली, तर मला तूच येऊन सांगायचं. दुसऱ्याच्या तोंडनं कळाया नको."

एवढंच. माझे मालक एसटीच्या डेपोत मेकॅनिक, ते घरात आम्हा दोघींच्या मधे पडायचे नाहीत. शहाणे होते.

आता थुंकणं ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. वाईन तोंडात घेतली की ओठांतून थोडी हवा आत ओढायची, गुळगुळ करायची, जिभेच्या कडेला, टाळूला, हिरड्यांना लावायची. मग एका धारेत बाहेर. हनुवटीवर नाही, साडीवर नाही. लांबसाहेब उभ्यानं थुंकायचा आणि बादलीच्या मधोमध पडायचं. माझं पदरावर. म्हणून मी घरामागं पेरूच्या बुंध्यात पाण्यानं सराव करायची. शेजारची हौसाबाई, ती आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष, तिनं कुंपणावरून दोन-तीन दिवस पाहिलं आणि आत्यांना येऊन हळूच विचारलं, "आवो, सुमनला दिवस गेलेत का काय? ह्या वयात?"

आत्या म्हणाल्या, "न्हाई. नोकरीचा अभ्यास करतीया." आणि मग स्वतःच पेरूपाशी येऊन उभ्या राहिल्या. "व्हट पुढं काढ की जरा. शिट्टी मारल्यावानी." खरं सांगते, त्या दिवसापासून धार सरळ पडायला लागली.

मग माझी दिनचर्या ठरली. केसांना तेल नाही, डोक्यात गजरा नाही, वासाचा साबण नाही. सकाळी पोट अर्धं भरलेलं, कारण भरल्या पोटी जीभ सुस्त असते. पांढरी आधी, तांबडी नंतर, गोड सगळ्यात शेवटी. दोन वाईनच्या मधे तिकडं पाव खातात, मी बिनमिठाच्या भाकरीचा तुकडा घ्यायची. टाकीतल्या वाईनला कधी कुजक्या अंड्याचा वास यायचा, म्हणजे आतल्या यीस्टची उपासमार होतेय. कधी बुचानं घात केलेला असायचा, बाटलीला ओल्या गोणपाटाचा वास. मी ते सांगायची, लॅबच्या मॅडम मशिनवर तपासायच्या, आणि लांबसाहेब ठरवायचा. बरेचदा मी चुकायची पण. एकदा चांगल्या टाकीला 'बिघडली' म्हणाले, आणि नंतर कळलं की मला सर्दी व्हायला लागली होती. साहेब पोट धरून हसला. म्हणाला, तू नाही बिघडलीस, नाक बिघडलंय, घरी जा.

तो तुलना करायला बाहेरच्या बाटल्या आणायचा. भिंतीवर जगाचा नकाशा होता, त्यावर आधी बोट ठेवायचा आणि मग ओतायचा. बोर्दोची तांबडी, तोंड आवळून टाकणारी, जणू कच्चं जांभूळ खाल्लं. चिलीची, समुद्राकाठच्या थंड डोंगरातली. ऑस्ट्रेलियाची, उन्हानं पिकून पार मुरंब्यासारखी झालेली. जर्मनीतल्या एका नदीकाठच्या चढावरची पांढरी आली तेव्हा तर मी थुंकायचं विसरतेय की काय असं वाटलं, इतकी सुरेख. विसरले नाही. मी आयुष्यात पुण्याच्या पलीकडं दोनदा गेलेली बाई. पण जिभेनं कुठं कुठं जाऊन आले! साहेब तोवर मोडकंतोडकं मराठी शिकला होता; त्याला मी विचारायची, "आपली कशी?" तो म्हणायचा, "आपली अजून लहान आहे. वेलीला म्हातारं होऊ दे." मला ते फार आवडलं होतं. आपली म्हणाला ना तो.

इथवर कुणाला माझ्या कामाचं काही नव्हतं. टाक्यांच्या खोलीत बाई काय करते, कोण बघायला येतंय? पण दोन हजार सालानंतर वायनरीनं पाहुण्यांसाठी खोली काढली. काचेची, समोर मळा, उंच स्टुलं. आणि पुण्यामुंबईची पोरं यायला लागली. कंप्युटरवाली, नव्या नोकऱ्यांतली, शनिवार-रविवारी गाड्या भरभरून. साहेब म्हणाला, चाखायचं कसं ते सुमनच दाखवेल.

ती पोरं म्हणजे काय सांगू. गोडच होती. ग्लास असा मुठीत धरायची, जसा उसाच्या रसाचा. एकानं बर्फ मागितला, एकानं सोडा. एक जण एका दमात संपवून मला विचारतो, "काकू, चढायला किती वेळ लागतो?" मी म्हटलं, "बाळा, एसटीची वाट बघतोयस का?" एक जोडपं आलं, नवीन लग्न झालेलं. ती म्हणाली मला करवंदाचा वास येतोय, तो म्हणाला मला काहीच येत नाही, आणि त्यावरून त्यांचं असं भांडण जुंपलं की मी शेवटी त्याच्या ग्लासात नाक घालून सांगितलं, "येतोय हो, जरा उशिरानं येतो." बाहेर पडताना तो माझ्या पाया पडला.

पण थुंकायला कुणी तयार नसायचं. बादली समोर ठेवली की पोरी 'ईऽऽ' करायच्या. चारचौघांत थुंकू नये असं लहानपणापासून शिकवलेलं. पिऊन झिंगलेलं चालेल, थुंकलेलं नको.

आणि त्याच काचेतून कुणीतरी मला पाहिलं. हौसाबाईचा भाचा टुरिस्ट गाडी चालवायचा. त्यानं गावात जाऊन सांगितलं, सुमनकाकू शहरातल्या पोरांबरोबर ग्लास हातात घेऊन उभ्या असतात.

आषाढी पौर्णिमेपासून आमच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालतं. रोज संध्याकाळी, तीन महिने. वाचायची मी. मी सातवी शिकलेली, पण आवाज मोकळा आणि वाचणं सरळ, म्हणून आत्यांनीच मला पहिल्यांदा तिथं बसवलं होतं. नोकरी गेली असती तर वाईट वाटलं असतं. पण ते वाचणं गेलं असतं तर मी कोण उरले असते, सांगता येत नाही. खालच्या सतरंजीवर आमच्या सगळ्या आयाबाया, पोरंटोरं, आणि वर मी, असं ते होतं.

त्या वर्षी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी बैठक झाली. हौसाबाई उभी राहिली. वाईट बाई नव्हती. तिचा नवरा दारूनंच गेलेला.

"मी तोंडावर बोलती, सुमन. रागावू नको. जिच्या तोंडाला दारूचा वास येतो तिनं ग्रंथाला हात लावावा का, यवढंच सांग."

"मी पीत न्हाई, ताई."

"कोन बघाया गेलंय?"

मी आत्यांकडं पाहिलं. आत्या खाली बघत होत्या. ते मला हौसाबाईपेक्षा जास्त लागलं. घरी येताना मी म्हटलं, "मी परत टेबलावर जाते, मणी निवडायला. उद्याच सांगते मॅडमना."

आत्या चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्या पाह्यलं न्हाई, मंग साक्ष कशी देऊ? रविवारी मला घिऊन चल."

तर रविवारी आत्या आल्या. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, काचेच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर ताठ बसल्या. मॅडमनी द्राक्षाचा रस दिला तर आधी वास घेतला, मग माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवल्यावरच प्यायल्या.

दुपारी पुण्याच्या कंपनीतली सहासात जणं आली. ओझरला विघ्नहराचं दर्शन घेऊन आलेली, कपाळावर गंध तसाच. त्यात एक दंगेखोर पोरगा, रोहन का काय, आणि एक शांत मुलगी. तिचं नाव पल्लवी, साताऱ्याकडची, नवीनच नोकरीला लागलेली. तिनं ग्लास हातात घेतला होता, पण ओठांपाशी नेत नव्हती. आणि बाकीचे तिच्या मागं लागलेले.

"पी ना गं! एवढं काय? वाईन म्हणजे दारू नाही."

"नको रे. घरी कळलं तर..."

"कोण सांगतंय घरी? अरे, या गावच्या काकू पितात, आणि तू कॉम्प्युटर इंजिनियर!"

कोपऱ्यात आत्या. मी मागं वळून पाहिलंच नाही.

मी म्हटलं, "काकू पीत नाहीत, भाऊ. काकू चाखतात." ग्लासात बोटभर तांबडी ओतली, हुंगली, तोंडात घेतली, घोळवली. सगळी पोरं बघत होती. आणि बादलीत थुंकले. एक धार, मधोमध. मग रोहन खो खो हसायला लागला. "अरे, शॉट!"

पल्लवीनं मला हळूच विचारलं, "असं केलं तर चालतं?"

"चालतं काय, असंच करायचं असतं. ज्याला प्यायचीय त्यानं मागाहून प्यावी. आणि ज्याला नको त्यानं चाखावीसुद्धा नाही, ग्लास खाली ठेवावा. इथं कुणाची जबरदस्ती नाही."

पोरीनं क्षणभर विचार केला. मग म्हणाली, "मला बघायचंय, नक्की काय असतं ते." तिनं तोंडात घेतली, डोळे मिटले, आणि थुंकली. निम्मी बादलीत, निम्मी हनुवटीवर. पोरं हसली. ती लाजून लाल. मी फडकं शोधतेय, तेवढ्यात मागून आत्यांचा आवाज.

"व्हट पुढं काढ, बाय. शिट्टी मारल्यावानी. आन लाजायचं न्हाई, लाजलं का धार मोडती."

त्या उठून आल्या होत्या. पदरानं तिची हनुवटी पुसली. तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. "आदी पान्यानं कर." पोरीनं पाण्यानं केलं. जमलं. मग रोहनला पण करायचं होतं, मग सगळ्यांनाच. काचेच्या खोलीत ती इंजिनियर मंडळी रांगेनं बादलीत पाणी थुंकतायत आणि आमच्या आत्या कमरेवर हात ठेवून, "तुझं वाकडं जातंय, पावणं," असं सांगतायत. मॅडम दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या, हसून हसून.

एसटीत येताना आत्या खिडकीतून बाहेर बघत बसल्या. ओझरचा फाटा गेला तरी तशाच.

विहारात पौर्णिमेला सगळ्या जमल्या. वंदना झाली. हौसाबाई काही म्हणायच्या आधी आत्या उठल्या.

"म्या जाऊन पाह्यलंय. बसून, ह्या डोळ्यांनी. ती गिळत न्हाई. पोरीबाळींना बी सांगती, नको आसंल तर ठिवा खाली."

हौसाबाई म्हणाली, "मामी, तुमी म्हनता तर खरं. पन वास तर येतो ना?"

"येतो की. म्हनून चूळ भरंल. म्या सोता वास घेईन दारात. आला, तर मीच तिला मागं फिरवीन. तू उठायची गरज न्हाई."

हौसाबाई सतरंजी झटकून बसली. "वाच मंग," म्हणाली.

त्या दिवसापासून ते सुरू झालं. वर्षावासात रोज संध्याकाळी मी कामावरून थेट विहारात यायची, आत्या पायरीवर पाण्याचा तांब्या घेऊन बसलेल्या. मी चूळ भरायची. मग तोंड पुढं करायची, त्या नाक जवळ आणायच्या. नाही म्हणाल्या की परत चूळ. जा म्हणाल्या की आत. पहिल्या वर्षी मला मेल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या वर्षी सवय झाली. पुढं पुढं तर मी चूळ भरायच्या आधीच त्या वास घ्यायच्या आणि सांगायच्या, "आज पांढरी." "आज तांबडी व्हती, जुनी." "आज लई गिलास झाले गं तुझे." आणि बहुतेक बरोबर असायच्या!

आता सगळं गोड गोड लिहून थांबू नये. एक बोच आहे मनात. मी गिळली नाही, पण हजारांना ओतली. एक भन्तेजी आले होते वर्षावासात, त्यांना मी हे विचारलं. ते म्हणाले, विकणंही त्यातच येतं, ताई, पण तुम्ही विचारता आहात हे बरं आहे. त्या नोकरीवर माझ्या धाकट्या लेकीचं नर्सिंगचं शिक्षण झालं. आणि त्या कामाइतकं मला दुसरं काही मनापासून आवडलं नाही, हेही खरं. दोन्ही लिहून ठेवते.

मी निवृत्त झाले त्या वर्षी आत्यांच्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. तरी वर्षावास सुरू झाला तशी पायरीवर बसायची हौस सुटली नाही. मी घरूनच त्यांना हाताला धरून आणलं, बसवलं, त्यांच्याकडचा तांब्या घेतला, चूळ भरली, तोंड पुढं केलं. त्यांनी वास घेतला. परत घेतला. कपाळाला आठ्या.

"कायच येत न्हाई गं आज."

"आता मी घरीच असते ना आत्या. काम सुटलं."

"व्हय की," म्हणाल्या. हात चाचपत माझा दंड धरला. आत हौसाबाई सतरंजी अंथरत होती, तिच्या कानावर जाऊ नये म्हणून आत्यांनी मला खाली ओढलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "तांबडीचा वास बरा व्हता, सुमन."

मग दंड सोडला. "जा आता, खोळंबल्यात समद्या. वाच."